बोट हलते, डोळे हलतात. आठवण का हलकी होते?

गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळखीच्या एका शिक्षिकाबाईंनी आम्हाला एक प्रश्न विचारला. त्यांच्या सातवीच्या वर्गात एक मुलगा आहे. रस्त्यावरच्या अपघातात त्याच्या डोळ्यांदेखत त्याचे वडील गेले. त्याला आता वर्ष होऊन गेले. पण शाळेबाहेर एखाद्या ट्रकने करकचून ब्रेक लावला, की हा मुलगा अजूनही बाकाखाली शिरतो. रात्री दचकून उठतो, असे आई सांगते. बाईंनी कुठेसे वाचले होते, की डोळ्यांसमोर बोट इकडून तिकडे फिरवले म्हणजे अशी आठवण पुसली जाते. दोन दिवसांच्या शिबिरात हे शिकवतात, असेही त्यांच्या कानावर आले होते. त्यांनी विचारले, ‘‘तुम्ही प्रयोगशाळेतली माणसं. सांगा, हे खरं आहे का? आणि खरं असेल, तर मी शिकून घेऊन त्याच्यावर करू का?’’

खरे सांगायचे, तर आमच्या तोंडावर ‘थोतांड’ हा शब्द आला होता. बोट फिरवून मनाची जखम भरते, हे ऐकायला मंत्र-ताईतासारखेच वाटते. पण न तपासता नाकारणे हेही न तपासता स्वीकारण्याइतकेच अशास्त्रीय. म्हणून आम्ही बाईंकडून थोडी मुदत मागून घेतली आणि वाचायला बसलो. त्यातून जे हाती आले, ते ‘खरे’ किंवा ‘खोटे’ अशा एका शब्दात बसणारे नाही.

बागेतले एक निरीक्षण

ही गोष्ट सुरू होते १९८७ साली, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात. फ्रान्सिन शापिरो या मूळच्या इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थिनी. पुढे त्या मानसशास्त्राकडे वळल्या. एकदा बागेत फिरताना त्यांच्या मनात काही त्रासदायक विचार घोळत होते. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आले, की विचार तेच आहेत, पण त्यांचा डंख गेला आहे. असे का झाले, हे पाहताना त्यांना जाणवले, की विचार मनात येताच आपले डोळे आपोआप भराभर इकडून तिकडे हलत होते. मग त्यांनी मुद्दाम त्रासदायक गोष्टी आठवून डोळे हलवून पाहिले. पुढे इतरांवर हा प्रयोग करताना त्या स्वतःचे बोट फिरवू लागल्या आणि समोरच्याने नजरेने त्याचा माग काढायचा, असे ठरले.

१९८९ साली त्यांनी २२ व्यक्तींवरच्या प्रयोगाचा निबंध प्रसिद्ध केला. एकाच बैठकीत जुन्या आघाताच्या आठवणीचा त्रास झपाट्याने कमी झाला, असा त्यांचा दावा होता. प्रयोगात तुलनेसाठी वेगळा गट होता, ही चांगली गोष्ट. पण उपचार करणाऱ्या त्याच आणि निकाल नोंदवणाऱ्याही त्याच, ही मोठी उणीव. शिवाय २२ ही संख्या लहान. आपल्या गावठी भाषेत विचारायचे, तर हा कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडल्याचा प्रकार नसेल कशावरून?

या पद्धतीला पुढे ‘ईएमडीआर’ असे आद्याक्षरी नाव मिळाले. त्याचा साधा अर्थ असा: डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने आठवणीची तीव्रता घटवणे आणि तिची मनात नव्याने मांडणी करणे. शापिरो २०१९ साली वारल्या. तोपर्यंत ही पद्धत जगभर पोचली होती. भारतातही २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर परदेशी प्रशिक्षकांनी इथल्या मानसतज्ज्ञांना ती शिकवली.

आठवण जेव्हा ‘भूतकाळ’ होत नाही

पुढे जाण्यापूर्वी आजार समजून घेऊ. भयंकर प्रसंगातून गेलेला प्रत्येक माणूस आजारी पडत नाही. बहुतेकांची झोप, भूक, मन काही आठवड्यांत किंवा महिन्यांत हळूहळू ताळ्यावर येते. काहींचे मात्र येत नाही. प्रसंग स्वप्नात येतो, जागेपणीही अचानक समोर उभा राहतो. त्याची आठवण करून देणारी जागा, आवाज, वास यांना माणूस टाळू लागतो. साध्या आवाजानेही दचकतो. याला आघातोत्तर ताणविकृती म्हणतात. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचे हाल पाहून अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली या आजाराला आपल्या यादीत स्थान दिले. पण तो काही केवळ सैनिकांचा आजार नाही. अपघात, अत्याचार, भूकंप, पूर, कशानेही तो होऊ शकतो.

‘माझी आजी गेली’ असे आपण सांगतो, तेव्हा दुःख होते, पण ती गोष्ट घडून गेलेली आहे हे मनाला ठाऊक असते. या आजारात मनाला नेमके तेच ठाऊक नसते. ट्रकच्या ब्रेकचा आवाज आला, की त्या मुलाच्या दृष्टीने अपघात ‘झाला होता’ असे नसते. तो ‘आता होत आहे’ असे असते. आणि तो आठवण टाळत राहतो, म्हणून ‘आता मी सुरक्षित आहे’ ही नवी माहिती त्या आठवणीपर्यंत पोचतच नाही.

म्हणूनच बोट फिरवण्याचा शोध लागण्याच्या आधीपासून मानसतज्ज्ञांकडे एक उपाय होता. सुरक्षित वातावरणात, माणसाला पेलेल अशा बेताने, ती आठवण पुन्हा पुन्हा मनासमोर आणायची. पाण्याला घाबरणाऱ्या मुलाला आपण धरून, आधी घोटाभर, मग गुडघाभर पाण्यात नेतो, तसेच हे.

उपचारात प्रत्यक्ष काय होते?

ईएमडीआर म्हणजे नुसते बोट फिरवणे नव्हे. त्याचे आठ टप्पे आहेत. पहिल्यात रुग्णाची सगळी हकीकत समजून घेतात. दुसऱ्यात त्याची तयारी करतात. मन फार ढवळले, तर त्याला शांत कसे करायचे, हे आधीच शिकवतात. तिसऱ्यात त्या प्रसंगाचे सर्वांत त्रासदायक चित्र निवडतात. त्या चित्राबरोबर स्वतःविषयी कोणता विचार येतो, उदाहरणार्थ ‘चूक माझीच होती’, हे शोधतात. त्याच्या जागी कोणता विचार हवा, तेही ठरवतात. त्रास शून्य ते दहा या पट्टीवर किती, हे रुग्ण स्वतः सांगतो.

चौथ्या टप्प्यात बोट येते. रुग्णाने चित्र मनात धरायचे आणि त्याच वेळी डोळ्यांनी बोटाचा माग काढायचा. साधारण अर्ध्या मिनिटाची एक फेरी. मग थांबून विचारायचे, ‘आता काय जाणवते?’ जे येईल ते धरून पुढची फेरी. त्रासाचा आकडा उतरेपर्यंत हे चालते. कधी बोटाऐवजी दोन्ही हातांवर आळीपाळीने टिचक्या मारतात, तर कधी दोन कानांत आळीपाळीने आवाज ऐकवतात. पाचव्या टप्प्यात हवा असलेला विचार पक्का करतात. सहाव्यात शरीरात कुठे ताण उरला आहे का, ते पाहतात. सातव्यात बैठक नीट आवरती घेतात. पुढच्या भेटीच्या सुरुवातीला मागचा आढावा घेतात, तो आठवा. एक बैठक तास-दीड तास चालते.

ही यादी वाचताना आमचे थोतांडाचे मत डळमळू लागले. कारण यात आठवणीला सुरक्षितपणे सामोरे जाणे आहे, विचार तपासणे आहे, आणि कान देऊन ऐकणारा माणूस आहे. बोट हा त्यातला एक भाग.

पहिला प्रश्न: गुण येतो का?

येतो. आघातोत्तर ताणविकृतीच्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडून केलेले अनेक प्रयोग आता उपलब्ध आहेत. उपचार मिळालेल्या गटाचा त्रास, नुसती वाट पाहत राहिलेल्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी होतो. आघातावर रोख ठेवून केलेल्या विचार-वर्तन उपचाराइतकाच साधारणपणे याचाही उपयोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली या आजारासाठी मोठ्यांना आणि मुलांना ज्या उपचारांची शिफारस केली, त्यांत हे दोन्ही आहेत.

पण पुराव्याचा दर्जाही पाहायला हवा. २०२० साली ७६ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. या आजारात उपयोग होतो, असेच त्यातही दिसले. मात्र बरेचसे प्रयोग मांडणीत कच्चे होते, असेही विश्लेषकांनी नमूद केले. ‘वाट पाहणाऱ्या’ गटाशी तुलना केली, की कोणताही उपचार थोडा अधिकच चांगला दिसतो, हे आपण लक्षात ठेवावे.

दुसरा प्रश्न: गुण डोळ्यांमुळे येतो का?

हा प्रश्न पहिल्यापेक्षा अगदी वेगळा आहे, आणि विज्ञान शिकवणाऱ्यांनी खास लक्ष द्यावे असा आहे.

समजा, एका गावात जुलाब झालेल्या मुलांना कोणी मीठ-साखरेचे पाणी तांब्याच्या भांड्यातून पाजतो. मुले तरतरीत होतात. तो सांगतो, ‘हा तांब्याचा गुण.’ मुले बरी झाली हे खरेच आहे. पण त्यामुळे तांब्याचे म्हणणे सिद्ध होत नाही. त्यासाठी काही मुलांना तेच पाणी स्टीलच्या भांड्यातून द्यायला हवे. तशीही ती बरी झाली, तर श्रेय मीठ-साखर-पाण्याचे.

अशी कसोटी लावण्याची परंपरा जुनी आहे. १७८४ साली पॅरिसमध्ये मेस्मर यांचा ‘चुंबकी’ उपचार फार गाजत होता. राजाने नेमलेल्या समितीत बेंजामिन फ्रँकलिन आणि लावाझिए होते. त्यांनी लोकांचे डोळे बांधले. ‘चुंबकी’ प्रयोग चालू आहे असा ज्यांचा समज करून दिला, त्यांना काही केलेले नसतानाही झटके आले. आणि ज्यांना न कळवता प्रयोग केला, त्यांना काहीच झाले नाही. परिणाम खरा होता, सांगितलेले कारण खोटे होते.

मग इथे ‘स्टीलचे भांडे’ कोणते? उपचार सगळा तोच, पण डोळे स्थिर ठेवायचे. असे प्रयोग झाले. २००१ साली ३४ प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणातून निष्कर्ष निघाला, की डोळे हलवल्याने वेगळा असा फायदा दिसत नाही. २०१३ साली दुसऱ्या संशोधकांनी २६ प्रयोग तपासले आणि म्हटले, की मध्यम का होईना, फायदा दिसतो. एकाच प्रश्नाची दोन उत्तरे कशी? गट लहान असले, की निकाल हेलकावे खातात. आणि कोणते प्रयोग विश्लेषणात घ्यायचे, यावरही उत्तर बदलते.

२०१६ साली जर्मनीतल्या एका प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध झाला. त्यात १३९ रुग्णांचे तीन गट होते. पहिल्या गटाने हलणाऱ्या हाताकडे पाहिले. दुसऱ्याने स्थिर हाताकडे पाहिले. तिसऱ्याला कुठेही नजर लावायला सांगितले नव्हते. तिन्ही गटांना बरे वाटले. पण पहिल्या दोन गटांना तिसऱ्यापेक्षा जास्त. आणि त्या दोघांत फरक नव्हता! म्हणजे हात हलणे महत्त्वाचे नव्हते. आठवण मनात असताना लक्षाचा एक धागा बाहेरच्या जगात गुंतलेला असणे, हे महत्त्वाचे दिसले.

मनाची लहानशी पाटी

असे का व्हावे? सुरुवातीला मेंदूचा डावा आणि उजवा भाग यांच्यातला संवाद सुधारतो, असे सांगितले जाई. झोपेत स्वप्ने पडताना बुबुळे भराभर हलतात, त्याच्याशी याचे नाते असावे, असेही काहींनी सुचवले. आज अधिक पुरावा आहे तो एका साध्या कल्पनेला.

बॅडली आणि हिच या इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली कार्यस्मृतीची कल्पना नव्याने मांडली. कार्यस्मृती म्हणजे मनाची लहानशी पाटी. तोंडी हिशेब करताना हातचा आपण याच पाटीवर ठेवतो. पाटी लहान असल्याने दोन कामे एकदम आली, की दोन्हींना जागा अपुरी पडते. आठवणीतले चित्र मनासमोर आणायलाही पाटीवर जागा लागते. त्याच वेळी डोळ्यांनी बोटाचा माग काढायचा असेल, तर चित्राला जागा उरते थोडी. ते पुसट होते आणि त्याच्याबरोबर येणारी भीतीही उतरते. काहींच्या मते, हे पुसट झालेले चित्रच पुन्हा स्मृतीत साठवले जाते. आठवलेली स्मृती काही काळ सैल होते आणि पुन्हा पक्की व्हावी लागते, हे २००० साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसले होते. पण माणसांच्या उपचारात नेमके तसेच घडते, हे अजून सिद्ध व्हायचे आहे.

या कल्पनेची खुबी अशी, की तिच्यावरून भाकिते करता येतात. ती बरोबर असेल, तर डोळे आडवे हलवण्याऐवजी उभे हलवले तरी चालायला हवे. चालते. डोळ्यांऐवजी गुंतागुंतीची आकृती काढली, वजाबाक्या केल्या तरी चित्र पुसट व्हायला हवे. होते. दोन कानांतले आवाज नुसते ऐकायला मेहनत पडत नाही, म्हणून त्यांचा परिणाम कमी हवा. नेदरलँड्समधल्या संशोधकांना तो कमीच दिसला. आणि आनंदाची आठवणही अशीच फिकी पडायला हवी. तीही पडते! डाव्या-उजव्या मेंदूच्या कल्पनेला यातले पहिलेच भाकीत अडचणीत टाकते.

तरीही दार बंद झालेले नाही. २०१९ साली दक्षिण कोरियातील संशोधकांनी उंदरांना एका आवाजाची भीती शिकवली आणि मग ती घालवताना त्यांच्याभोवती एका बाजूकडून दुसरीकडे सरकणारा प्रकाश दाखवला. भीती अधिक वेगाने गेली आणि ती परतण्याचे प्रमाणही कमी झाले. नजर वळवणाऱ्या मेंदूच्या भागापासून भीतीशी संबंधित ‘अमिग्डला’ या भागापर्यंतचा मार्गही त्यांनी शोधला. मनाच्या पाटीने सगळेच उलगडते असे नाही, असा याचा अर्थ होऊ शकतो.

करून पाहा

पाटीची कल्पना आपल्याला शिक्षक-कक्षात तपासता येईल. वीसेक जण जमवा. प्रत्येकाने एक साधे, रोजचे दृश्य निवडावे: काल पाहिलेला बाजार, शाळेचे फाटक. डोळ्यांपुढे ते किती स्पष्ट दिसते, याला शून्य ते दहा गुण द्यावेत. मग चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. एका गटाने अर्धा मिनिट नुसते दृश्य मनात धरायचे. दुसऱ्याने दृश्य धरून त्याच वेळी ३०० मधून सात-सात वजा करत जायचे. अशा चार फेऱ्या झाल्यावर दृश्य पुन्हा आठवून गुण द्यावेत आणि दोन्ही गटांच्या सरासरीतला बदल काढावा.

मग चर्चा करा. चिठ्ठ्या का टाकल्या? ज्याला हवे त्याने हवा तो गट घेतला असता, तर काय बिघडले असते? प्रयोगाचा हेतू आधीच सांगितला, तर गुणांवर परिणाम होईल का? मोठ्या वर्गातल्या मुलांबरोबरही हे करता येईल. पण दृश्य शाळेच्या फाटकाचेच घ्यावे. दुःखाच्या किंवा भीतीच्या आठवणी या प्रयोगात कोणीही, कधीही आणू नयेत.

सर्व रोगांवर एकच औषध?

एखादी पद्धत एका आजारात चालली, की तिच्या पाटीवर बाकीच्या आजारांची नावेही चढू लागतात. नैराश्य, व्यसन, विविध भयगंड, जुनाट वेदना, परीक्षेची भीती, अशा अनेक गोष्टींसाठी ईएमडीआर सुचवले जाते. वर सांगितलेल्या २०२० च्या विश्लेषणात या इतर तक्रारींसाठी पुरेसा पुरावा आढळला नाही. याचा अर्थ उपयोग होणारच नाही असा नव्हे; पण खात्रीने सांगणाऱ्याला ‘कशावरून?’ हे विचारायलाच हवे.

बाईंना दिलेले उत्तर

आम्ही बाईंना सांगितले, ‘‘पद्धत खोटी नाही, पण तुम्ही ती त्या मुलावर करू नका.’’ बोट फिरवणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे. आठवण पूर्ण जोराने वर आली आणि मूल थरथरू लागले, तर पुढे काय करायचे, हा अवघड भाग. त्याला मानसोपचाराचे रीतसर शिक्षण लागते. शिवाय मुलांसाठी ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शिकेने २०१८ साली जो क्रम सुचवला, त्यात विचार-वर्तन उपचार आधी आहे आणि त्याने गुण आला नाही, तर ईएमडीआरचा विचार करावा, असे म्हटले आहे.

मग शिक्षकाने हात बांधून बसायचे का? मुळीच नाही. मुलाला ‘काय झाले ते सगळे सांग’ असा आग्रह धरू नये. आघातानंतर एकाच बैठकीत सारे बोलायला लावल्याने आजार टळत नाही, काहींना उलट त्रास होतो, असे अभ्यासांत दिसले आहे. त्याला आपणहून बोलावेसे वाटले, तर ऐकावे. वर्गाचा दिनक्रम ठरलेला असावा. मोठा आवाज होणार असेल, तर आधी सांगावे. कुठे बसायला बरे वाटेल, हे त्यालाच विचारावे. बाकाखाली शिरला, तर हसू होऊ देऊ नये. आणि त्रास महिन्यापेक्षा जास्त टिकला, तर पालकांशी बोलून जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाची वाट दाखवावी. २०२२ पासून सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवाही आहे. तिचा क्रमांक १४४१६.

बाईंनी शिबिराचे पैसे भरले नाहीत. मुलाच्या आईबरोबर त्या जिल्हा रुग्णालयात मात्र दोनदा जाऊन आल्या. तिथे कोणता उपचार चालू आहे, हे आम्ही विचारलेले नाही. मुलाची बसण्याची जागा आता रस्त्याकडच्या खिडकीपासून दूर, दाराजवळ आहे. ती त्याने स्वतः निवडली, एवढे बाईंनी आवर्जून कळवले.